भेकाचा घास

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला कीं ओटीवरच्या दिव्याभोंवतीं पंखांचे किडे घोंघावूं लागतात, आणि थोड्याच वेळांत भिंतीच्या कडेकडेनें एक ओबडधोबड, चामखिळींनीं भरलेला प्राणी उड्या घेत येऊन दिव्याखालीं बसतो. घरांतील मुलें त्याला पाहून ओरडतात. वडील माणसें केरसुणीनें त्याला बाहेर लोटतात. तो पुन्हां येतो. घरांतल्या माणसांशीं त्याला कांहीं कर्तव्य नसतें; त्याचें सारें लक्ष दिव्यावरून गळून पडणाऱ्या किड्यांकडे असतें. बोलभाषेंत त्यालाही बेडूकच म्हणतात. प्राणिशास्त्रांत मात्र ओल्या, गुळगुळीत कातडीच्या बेडकापासून त्याला वेगळा ओळखतात व त्याला भेक असें नांव देतात. भेकाची कातडी कोरडी आणि खरखरीत असते, पाय आखूड असतात, व डोळ्यांमागें विषारी रसाच्या दोन फुगीर ग्रंथी असतात. पाण्यापासून दूर, माळावर व शेतांत राहण्याची सोय निसर्गानें त्याला अशी करून दिली आहे.

हा भेक खातो तरी काय, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु गेल्या सव्वाशें वर्षांत या एका प्रश्नाच्या उत्तरावर शेतकीचे हिशेब मांडले गेले, त्याच्या चुकीच्या उत्तरापायीं एका खंडांतील वन्य जीवनाची घडी विसकटली, आणि एका लहानशा जातीचें जगणें-मरणेंही त्याच उत्तरावर येऊन ठेपलें. ती जात म्हणजे अमेरिकेच्या वायोमिंग राज्यांतील लॅरमी खोऱ्याच्या गवताळ माळावरील भेक होय. त्याची हकीगत नीट समजण्यासाठीं आधीच्या दोन हकीगती थोडक्यांत ध्यानांत घेतल्या पाहिजेत.

भेकाच्या पोटाचा एक नेटका हिशेब १८९७ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत मांडला गेला. ए. एच. कर्कलंड या कीटकशास्त्रज्ञानें सुमारें दीडशें भेकांचीं जठरें उघडून त्यांत सांपडलेल्या किड्यांची जातवार मोजदाद केली, आणि तेथील कृषिप्रयोगकेंद्रानें ती पुस्तिकारूपानें प्रसिद्ध केली. त्या जठरांत मुंग्या होत्या, भुंगेरे होते, सुरवंट होते, आणि कोंवळीं रोपें बुडाशीं कुरतडून टाकणाऱ्या अळ्याही होत्या. एका दिवसरात्रींत भेक आपलें जठर चार वेळां भरूं शकतो, असा कर्कलंड यांचा अंदाज होता. मग त्यांनीं व्यापाऱ्याच्या वहींत शोभेल असा हिशेब केला. रोपें कुरतडणारी प्रत्येक अळी एका सेंटाचें नुकसान करते असें धरलें, तर एका हंगामांत एक भेक शेतकऱ्याचे १९ डॉलर ८८ सेंट वांचवतो! आकडा मौजेचा वाटला तरी त्यामागील विचार गंभीर होता. ज्या प्राण्याला किळसवाणा समजून पोरें दगड मारतात, तो शेताचा बिनपगारी राखणदार आहे, ही गोष्ट त्या हिशेबानें लोकांपुढें मांडली.

परंतु अशा हिशेबाला एक मर्यादा असते. जठरांत काय सांपडलें एवढेंच तो सांगतो. तोच प्राणी दुसऱ्या मुलखांत, दुसऱ्या पिकांत काय खाईल, हें सांगत नाहीं. १९३२ सालीं प्वेर्तो रिको बेटावर सान हुआन येथें ऊसतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या परिषदेंत रॅकेल डेक्स्टर या संशोधिकेनें एक निबंध सादर केला, आणि मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेचा एक मोठा भेक त्या बेटावर उसाचे शत्रू असलेले किडे कसे फस्त करतो, हें जठरांच्या तपासणीवरून दाखवलें. त्याच वर्षीं हवाई बेटांनीं तो भेक आपल्याकडे नेला. आणि १९३५ सालीं रेजिनाल्ड मंगोमरी या कीटकशास्त्रज्ञानें हवाईहून सुमारें शंभर भेक ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतांत आणले. गॉर्डनव्हेल येथें त्यांची पैदास करून ऑगस्ट महिन्यांत सुमारें २,४०० पिल्लें उसाच्या मळ्यांत सोडण्यांत आलीं. वॉल्टर फ्रॉगॅट या वृद्ध कीटकशास्त्रज्ञानें विरोध केला होता. त्याचें कोणीं फारसें ऐकलें नाहीं. क्वीन्सलंडांतील उसाचा भुंगेरा उसाच्या शेंड्यावर पानें खातो, आणि त्याची अळी जमिनीखालीं मुळें कुरतडते. भेकाला शेंड्यावर चढतां येत नाहीं, आणि मुळांपर्यंत तो पोंचत नाहीं. तेव्हां उसाचा शत्रू सुखरूप राहिला, आणि भेकानें जमिनीवर जें जें हालतांना दिसलें तें तें खाल्लें. तो स्वतः विषारी असल्यामुळें त्याला खाणारे सर्प, घोरपडी व क्वोल नांवाचे मांसाहारी प्राणी ठिकठिकाणीं मरूं लागले. भेकाच्या भुकेवर माणसानें भरंवसा टाकला होता, परंतु ती भूक कोणत्या जागीं बसून घास घेते याचा विचार केला नव्हता.

क्वीन्सलंडांत भेक फार झाले ही आपत्ति होती. लॅरमीच्या माळावरची आपत्ति याच्या अगदीं उलट आहे. तेथें भेक उरले नाहींत. आणि त्यांना वांचवतांना माणसाला तोच जुना प्रश्न नव्यानें सोडवावा लागला.

लॅरमीचें खोरें समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांहून उंच, म्हणजे महाबळेश्वराच्या दीडपटीहून उंच आहे. दोन्ही बाजूंस पर्वतांच्या रांगा, मध्यें आखूड गवताचा विस्तीर्ण माळ, त्यांतून वाहणाऱ्या लॅरमी व धाकटी लॅरमी या नद्या, आणि नद्यांच्या कांठीं पाणथळ कुरणें व उथळ तळीं असा तो प्रदेश आहे. हिवाळा लांब आणि कडक, उन्हाळा आखूड. १८६८ सालीं लोहमार्ग आला, त्याबरोबर लॅरमी गांव वसलें. मग गुराढोरांचे मोठे मालक आले आणि त्यांनीं नद्यांना पाट काढून गवताचीं कुरणें भिजवलीं. या ओल्या कुरणांच्या कडेला राहणाऱ्या एका लहान भेकाकडे शास्त्रज्ञांचें लक्ष मात्र १९४६ सालीं गेलें. वायोमिंग विद्यापीठाचे जॉर्ज बॅक्स्टर यांनीं तो प्रथम हेरला. कॅनडांतील व उत्तरेकडील सपाट प्रदेशांतील एका भेकाशीं त्याचें जवळचें नातें होतें. परंतु ते भाऊबंद शेंकडों मैल दूर होते. हिमयुगाच्या अखेरीस बर्फ उत्तरेकडे हटत गेलें, तेव्हां त्या जुन्या वंशाची एक शाखा या खोऱ्यांत मागें राहिली असावी. १९६८ सालीं या भेकाला शास्त्रीय नांव मिळालें, आणि त्यांत बॅक्स्टर यांचें नांव गोंवलें गेलें. पुढें ती स्वतंत्र जात मानली गेली. जगांत ती या एकाच खोऱ्यांत होती.

हा भेक जेमतेम दोन इंच लांब असतो. हिवाळ्यांत तो बिळें करणाऱ्या उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळांत खोल निजून राहतो. वसंतांत ऊब आली म्हणजे तो बाहेर पडतो. उथळ पाण्यांत काळ्या अंड्यांच्या लांब माळा घालतो. त्यांतून निघालेले भैकेर, म्हणजे शेपटीवालीं पिल्लें, पाण्यांतील शेवाळ व कुजकट पदार्थ खाऊन सुमारें महिना-दीड महिन्यांत पाय फुटून कांठावर येतात. तेथून पुढें त्यांचा आहार एकदम बदलतो. कांठावर आलेलें पिल्लूं आतां शिकारी झालेलें असतें. मुंग्या, लहान भुंगेरे व तत्सम किडे हें त्याचें अन्न. उन्हाळा आखूड असल्यामुळें थोड्या आठवड्यांत खाऊन अंगावर इतकी चरबी सांठवावी लागते कीं पुढचे कित्येक महिने तिच्यावर निघावे. लॅरमीच्या भेकाला एक घास चुकणें परवडतें. घास चुकण्याची संवय परवडत नाहीं.

हा घास घेण्याची रीत मोठी नवलाची आहे. भेकाला स्थिर वस्तु अन्न म्हणून दिसतच नाहीं, असें म्हटलें तरी चालेल. मेलेल्या माशांचा ढीग पुढें ठेवला तरी तो उपाशी बसेल. त्यांतील एक माशी दोऱ्यानें हालवली तर झडप घालील. यॉर्ग-पेटर एव्हर्ट या जर्मन शास्त्रज्ञानें सामान्य युरोपीय भेकावर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. पुठ्ठ्याची एक अरुंद पट्टी तिच्या लांबीच्या दिशेनें आडवी सरकवली, तर भेक तिला किडा समजून तिच्याकडे वळतो. तीच पट्टी उभी धरून सरकवली तर तो तिच्याकडे पाहतही नाहीं. किड्याची चाल हीच त्याच्या डोळ्यांना किड्याची ओळख. ती पटली कीं जीभ सुटते. ही जीभ माणसाच्या जिभेसारखी घशाकडून जोडलेली नसून जबड्याच्या पुढल्या टोकाशीं जोडलेली असते, आणि तिचें मोकळें टोक आंत घशाकडे वळलेलें असतें. तोंड उघडतांच ती बाहेर उलटते, किड्यावर थप्पड बसल्यासारखी पडते आणि त्याला चिकटवून परत येते. हें सारें माणसाची पापणी लवायच्या आंत.

या जिभेचा सारा पराक्रम तिच्या ओल्या, चिकट अस्तरांत आहे. २०१७ सालीं अमेरिकेंत बेडकांच्या जिभेचा बारकाईनें अभ्यास झाला, तेव्हां असें आढळलें कीं ती जीभ अत्यंत मऊ असते, आणि तिच्यावरील लाळ घडीघडीला आपला गुण पालटते. किड्यावर आदळतांना ती पातळ होऊन त्याच्या अंगाच्या सांदीसपाटींत शिरते. जीभ मागें येतांना ती मधासारखी घट्ट होऊन किड्याला धरून ठेवते. मग गिळतांना बेडूक आपले डोळे खोबणींतून खालीं दाबतो, त्या दाबानें किडा जिभेवरून सुटतो आणि घशांत जातो. हा चिकटपणा नसेल तर जीभ किड्याला लागेल, परंतु किडा हातीं लागणार नाहीं. लॅरमीच्या भेकांवर नेमकी हीच पाळी आली. मात्र माळावर नव्हे, माणसानें प्रेमानें बांधलेल्या घरांत.

१९५० व १९६० च्या दशकांत हा भेक खोऱ्यांत सहज आढळे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तो दिसेनासा होऊं लागला. त्याच सुमारास लॅरमीच्या परिसरांत डासांच्या नाशासाठीं फेंथिऑन नांवाचें विषारी औषध विमानांतून फवारण्यांत येऊं लागलें होतें, आणि संशय प्रथम त्याच्याकडे गेला. डासांचा उपद्रव तेथें खरा आहे. पाटाच्या पाण्यानें भिजलेल्या कुरणांत ते अलोट होतात, आणि माणसांना व गुरांना त्यांचा जाच होतो. परंतु जें औषध डासाला मारतें तें डासाशेजारच्या मुंगीला व भुंगेऱ्याला ओळखून सोडत नाहीं. पाटांच्या पाण्याची बदललेली व्यवस्था हेंही एक कारण मानलें गेलें. पुढें आणखी एक शत्रू उघडकीस आला. भेक-बेडकांच्या कातडीवर वाढून त्यांना मारणारी एक सूक्ष्म बुरशी शास्त्रज्ञांनीं ओळखली व १९९९ सालीं तिला नांव दिलें. जगांतील अनेक जातींच्या ऱ्हासाचें खापर आज तिच्यावर फोडलें जातें, आणि लॅरमीच्या भेकाचीही ती मोठी वैरीण ठरली आहे.

१९८४ सालीं अमेरिकेच्या सरकारनें हा भेक विनाशाच्या वाटेवर असलेल्या प्राण्यांच्या यादींत घातला. तोपर्यंत तो जवळजवळ अदृश्य झाला होता. १९८७ सालीं लॅरमीच्या पश्चिमेस मॉर्टेन्सन नांवाच्या तळ्याच्या कांठीं कांहीं भेक जिवंत सांपडले. तेवढीच काय ती उरलेली वस्ती. तें तळें पुढें राखीव झालें. परंतु तेथेंही भेक मरत राहिले. १९८९ पासून त्यांना पकडून कोंडवाड्यांत पैदास करण्याचा उद्योग सुरू झाला, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत माळावर उरलेले भेकही आंत आणले गेले. एका जातीचा सारा वंश आतां कांचेच्या पेट्यांत, माणसाच्या हातच्या घासावर जगूं लागला.

पेट्या स्वच्छ होत्या, पाणी निर्मळ होतें, थंडी-उष्णता मापून दिलेली होती, आणि अन्नालाही तोटा नव्हता. कारखान्यांत पोसलेल्या रातकिड्यांचा त्यांना रतीब होता. हे रातकिडे जिवंत असत, हालत असत. म्हणजे भेकाच्या डोळ्यांची अट पुरी होत असे. तरीही कांहीं दिवसांनीं एक चमत्कारिक गोष्ट दिसूं लागली. भेक किडा पाही, त्याच्याकडे वळे, तोंड उघडून झडप घाली, आणि किडा तसाच पुढें चालत जाई. पुन्हां झडप, पुन्हां तेंच. भरल्या ताटापुढें बसून भेक वाळत चालले. त्यांची जीभ किड्यापर्यंत पोंचत नसावी असें वाटून या विकाराला 'आखूड जिभेचा रोग' असें नांव पडलें. परंतु मेलेल्या भेकांच्या जिभा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्या, तेव्हां जीभ आखूड नव्हतीच. तिच्यावरचें लाळ स्रवणारें मऊ अस्तर जाऊन त्याच्या जागीं कोरड्या, चापट पेशींचा कठीण थर आला होता. जिभेचा चिकटपणाच नाहींसा झाला होता.

याचें कारण निघालें अ जीवनसत्त्वाची उणीव. अ जीवनसत्त्व १९१३ सालीं अमेरिकेंतच उंदरांवरील प्रयोगांतून उजेडांत आलें. लहान मुलांना त्याची उणीव भासली कीं रातांधळेपणा येतो, आणि पुढें डोळ्यांचें ओलें अस्तर कोरडें पडून दृष्टि जाण्याची भीति असते, हें सुशिक्षित घरांतून आज सर्वांना ठाऊक आहे. मुलाच्या डोळ्याचें अस्तर ज्या कारणानें सुकतें, त्याच कारणानें भेकाच्या जिभेचें अस्तर सुकत होतें. पोसलेल्या रातकिड्यांत हें जीवनसत्त्व नसल्यासारखेंच असतें. माळावरचा भेक दहा जातींच्या मुंग्या, वीस जातींचे भुंगेरे, आणि निरनिराळ्या झाडपाल्यावर वाढलेल्या अळ्या खातो. प्रत्येक किड्याच्या पोटांत त्यानें खाल्लेली वनस्पतीही असते, आणि ती त्या किड्याबरोबर भेकाच्या पोटांत जाते. पेटींतल्या भेकाला रोज एकच किडा, आणि त्या किड्यालाही रोज एकच खाद्य. कर्कलंड यांनीं जठरांतील किडे मोजले होते; त्या किड्यांच्या पोटांत काय होतें हें पाहण्याची वेळ शंभर वर्षांनीं आली.

दोष कळला तेव्हां उपाय सुचला. भेकांना अ जीवनसत्त्व देऊं लागले. त्यांच्या खाद्य किड्यांना आधीं चांगलें पोसून, त्यांच्या अंगावर पोषक पूड भुरभुरून मग ते पेटींत सोडूं लागले. आणि खाद्यांत होईल तेवढा पालट करूं लागले. पैदास वाढली. १९९५ पासून आजवर एक लाखाहून अधिक भैकेर व पिल्लें लॅरमीच्या खोऱ्यांत सोडण्यांत आलीं. त्यांतील फार थोडीं जगलीं. म्हणून पुढें प्रौढ भेक सोडण्याचा विचार झाला, आणि २०१६ च्या उन्हाळ्यांत सुमारें ९०० प्रौढ भेक माळावर सोडले गेले. कांहीं पिल्लांना आधीं तळ्याकांठीं जाळीच्या कुंपणांत ठेवण्याचा प्रयोगही झाला. तेथें त्यांना ऊन, वारा व पाणी माळावरचेंच मिळतें, घासही माळावरचा मिळतो, आणि तो स्वतः टिपावा लागतो. कुरणांच्या मालकांपैकीं कांहींनीं आपल्या जमिनींत भेक सोडूं दिले. त्यांना सरकारनें असा शब्द दिला कीं भेक आला म्हणून तुमच्या गवताला व गुरांना आडकाठी होणार नाहीं. शेतकऱ्याच्या फायद्याचा हिशेब करून भेकाची बाजू मांडण्याचे दिवस मागें पडले होते. आतां भेकापासून तोटा नाहीं, एवढेंच सांगावें लागत होतें.

एवढें करूनही काम संपलें असें म्हणतां येत नाहीं. ती बुरशी तळ्यांतून गेलेली नाहीं. एखाद्या वर्षीं सोडलेल्या भेकांनीं माळावर अंडीं घातलेलीं सांपडतात, आणि पाहणाऱ्यांना आनंद होतो. पुढच्या वर्षीं त्याच जागीं मोजके भेक हातीं लागतात. कोंडवाड्यांतील पैदास थांबवण्याजोगी स्थिति आलेली नाहीं. ज्या वंशाला एके काळीं माणसाची कांहीं गरज नव्हती, तो वंश माणसानें घास भरवणें सोडलें तर संपेल, अशी आज त्याची अवस्था आहे.

या तीन हकीगतींत माणसाचें भेकाविषयींचें ज्ञान हळूहळू वाढत गेलेलें दिसतें. १८९७ सालीं त्यानें भेकाचें पोट उघडून पाहिलें. १९३५ सालीं त्या पोटावर विसंबून त्यानें भेकाला परक्या मुलखांत सोडलें, आणि तेथें पोटापेक्षां त्याचें राहणें महत्त्वाचें आहे हें शिकला. लॅरमीच्या भेकानें त्याला पुढची गोष्ट शिकवली. भेक मुंगी खातो असें म्हणणें सोपें आहे. परंतु त्या मुंगीबरोबर तो तिनें खाल्लेलें गवत, त्या गवताची जमीन, आणि त्या जमिनीवरून वाहणारें पाणीही खात असतो. या सगळ्यांतून एक मुंगी तेवढी वेगळी काढून पेटींत ठेवली, तर जीभ बाहेर येते आणि रिकामी परत जाते.

लॅरमीच्या माळावर आजही उन्हाळ्याच्या दुपारीं एखाद्या तळ्याच्या कांठीं एक लहानसा, मातकट रंगाचा भेक निश्चल बसलेला सांपडण्याचा संभव आहे. जवळून मुंगी चालत येते. भेक किंचित् वळतो, आणि मुंगी नाहींशी होते. पाहणाऱ्याला यांत कांहींच विशेष वाटणार नाहीं. ज्यांनीं वर्षानुवर्षें पेट्यांपुढें बसून भेकाची जीभ चुकतांना पाहिली, त्यांना मात्र त्या एका घासाची किंमत ठाऊक आहे.